ओठवाल्या मुलींची ओळ

रविवार, ११ जानेवारी २०२६

काल, शनिवार दिनांक १० जानेवारी रोजी, संध्याकाळी सात वाजून बावन्न मिनिटांनी, शाळेच्या नव्या सभागृहात, सहाशे माणसांसमोर दानेश्वरीने माझा अपमान केला. वेळ नक्की आहे. तिने माईक हातात घेतला तेव्हा मी घड्याळ पाहिलं होतं. आता मला वर बोलावतील अशी माझी समजूत होती, आणि पर्समधून चष्मा आणि दोन शब्दांचा कागद काढायला मला वेळ लागतो.

दानेश्वरी आमच्या शाळेची. लक्ष्मीपुरीतले मिरचीचे व्यापारी प्रभुलिंगअण्णा, त्यांची मुलगी. आता जर्मनीत ऑपेरा गाते. कोल्हापुरात ऑपेरा म्हणजे काय हे सांगायला मला गेली सहा वर्षं फार तोंड चालवावं लागलं आहे. दूधवाल्याला सांगितलं, बँकेतल्या मॅनेजरला सांगितलं, दवाखान्यात रांगेत बसलेल्यांना सांगितलं: माईक नसतो, साठ वाद्यं समोर वाजत असतात, आणि त्यांच्यावरून आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचवावा लागतो. माझी विद्यार्थिनी ते करते. तिचं प्रत्येक कात्रण माझ्याकडे आहे. पुढच्या मोसमात तिला पहिली मोठी भूमिका मिळाली आहे, हेही मी तिच्या सख्ख्या मावशीच्या आधी वाचलं होतं.

शाळेचा अमृतमहोत्सव, प्रमुख पाहुणी दानेश्वरी. चार गाणी म्हणाली. गाण्याबद्दल लिहायचं तर प्रामाणिकपणे लिहावं लागेल. पहिल्या गाण्यात उच्चार जरा सैल होते. तिसऱ्या गाण्यात वरचा सूर तिने धरला आणि धरूनच ठेवला, आणि मग आणखी बारीक केला, तरी तो माझ्या कानाशीच होता. मला उभं राहावंसं वाटलं. गुडघ्यामुळे राहिले नाही.

मग सत्कार. फेटा, शाल, अंबाबाईची मूर्ती. आणि सात बावन्नला ही बया म्हणते, "माझी पहिली गुरू माझी आज्जी, शांतव्वा. मठात वचनं म्हणायची. शाळेत म्हणाल तर, मला गाण्याची फार हौस होती. पण एका मिसनी सांगितलं, तू मागे उभी राहा, ओठ हलव, आवाज काढू नको. चार वर्षं मी ओठ हलवले. आता आवाज काढायलाच मला विमानानं बोलावतात."

हशा. टाळ्या. पहिल्या रांगेतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. एका मिसनी म्हणे! चौतीस वर्षं त्या शाळेत क्वायर घेणारी एकच मिस होती.

मी दोन शब्दांचा कागद पर्समध्ये ठेवला आणि अल्पोपाहार न घेता घरी आले.

खरं काय ते इथे लिहून ठेवते. असं एकदाच घडलं. २००९ साली, बेळगावच्या स्पर्धेला. तिचा घसा बसला होता. मी म्हटलं, आज नुसते ओठ हलव. एक दिवस. त्याची तिने चार वर्षं केली.

तानाबाई सकाळी आली. अठरा वर्षं ती माझ्याकडे स्वयंपाक करते. तिला सगळं आधीच कळलेलं होतं.

"बाई, तुमी कशाला मनाला लावून घ्यालायसा? नाव घेतलंय व्हय तिनं तुमचं?"

"नाही."

"मग झालं तर." कणीक मळता मळता थांबली. "पर म्हणला हुतासा काय तुमी तसं?"

मी तिला म्हटलं, मीठ बघून घाल, काल खारट झालं होतं.

सोमवार, १२ जानेवारी

क्रांतीचा फोन. माजी विद्यार्थिनी समितीची सचिव. दातांची डॉक्टर आहे. दुसऱ्याचं तोंड उघडं ठेवून आपण बोलत राहायची तिला सवय झाली आहे. नव्या संगीत कक्षाला माझं नाव द्यायचं समितीने नोव्हेंबरातच ठरवलं होतं. पाटी तयार आहे. मी स्वतः जाऊन पाहून आले आहे: काळा दगड, पांढरी अक्षरं, 'कुमुदिनी निंबाळकर संगीत कक्ष'.

"मिस, तुम्ही चिडू नका हं. पण ग्रुपवर फार चर्चा चालली आहे. काही जणी म्हणतात, आत्ता लगेच पाटी लावली तर ते कसं दिसेल?"

"कसं दिसेल?"

"म्हणजे, पोरींना गप्प करणाऱ्या मिसचं नाव संगीताच्या खोलीला... मी नाही म्हणत, मिस! मी तर तुमच्या पहिल्या ओळीतली."

"म्हणूनच तुला अजून ग्रुपवर बोलता येतं."

तिला ते लागलं नाही. पुढे म्हणाली, शनिवार ३१ तारखेला सकाळी अकराला बैठक आहे. तोवर दानेश्वरीने लिहून दिलं की तिच्या बोलण्यातल्या मिस म्हणजे निंबाळकर मिस नव्हेत, तर पाटी लागेल. नाही दिलं, तर पाटीवर नुसतं 'संगीत कक्ष'. "सगळ्यांच्या सोयीचं."

चौतीस वर्षं. स्पर्धांतल्या नऊ ढाली. पियानोच्या वरच्या पाच पट्ट्या वाजत नव्हत्या तेव्हा त्या चुकवून वाजवायची युक्ती मी शोधली होती. आणि आता नुसतं 'संगीत कक्ष'. पाणपोईवर पाणी लिहितात तसं.

मला ती पाटी हवी आहे. इथे तरी लपवायचं कारण नाही.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. सकाळपासून एकवीस माणसं तिळगूळ देऊन गोड बोला म्हणून सांगून गेली. त्यातली सात शनिवारी सभागृहात हसत होती. मी मोजली होती.

शुक्रवार, १६ जानेवारी

पुरावा काढायचा ठरवला. क्वायरची हजेरी पुस्तकं माझ्याच ट्रंकेत आहेत. निवृत्त होताना मी ती शाळेच्या कपाटात वाळवीला ठेवून आले नाही. २००७ ते २०११ ची चार पुस्तकं तानाबाईने उन्हात झटकली.

अक्षर माझंच, सुरेख. दर वर्षी चाळीस नावं. स्पर्धेचा नियमच होता: मंचावर किमान चाळीस मुली. दानेश्वरीचं नाव चारही पुस्तकांत आहे. म्हणजे मी तिला क्वायरमध्ये घेतलं होतं. घेतलं होतं! ज्या मिसने गप्प केलं म्हणते, त्याच मिसने तिचं नाव चार वर्षं लिहिलं आहे.

तिच्या नावापुढे लाल टिंब आहे. चारही वर्षं. दर वर्षी अकरा-बारा नावांपुढे तसं टिंब आहे. टिंब म्हणजे काय ते आज आठवेना. बहुधा गैरहजेरी. किंवा गणवेश नसणे.

टिंबवाल्या मुली वाचून पाहिल्या. एक चंदगडची, वसतिगृहात राहायची. एक राधानगरीची. गुजरीतल्या चहावाल्याची. लक्ष्मीपुरीतल्या दोघी. शिवाजी पेठेतल्या तालमीतल्या वस्तादांची एक. डॉक्टरांच्या, वकिलांच्या, कारखान्याच्या संचालकांच्या मुलींपुढे टिंब नाही. त्या गणवेशात नीट असायच्या, त्यामुळे गणवेशाचंच असावं.

शनिवार, १७ जानेवारी

गणवेशाचं नसावं. गणवेशाच्या खुणेसाठी मी निळी शाई वापरत असे.

सोमवार, १९ जानेवारी

साक्षीदार शोधला. भूमिका, दानेश्वरीच्या वर्गातली, दोघी शेजारी उभ्या राहायच्या. ती एसटीत कंडक्टर झाली आहे. मध्यवर्ती स्टँडवर गेले. चौकशीच्या खिडकीत विचारायची गरजच पडली नाही. तीन फलाट पलीकडून आवाज आला, "गगनबावडाऽऽ, कळेऽऽ, साळवणऽऽ! चला, मागं सरका पावणं, दारात काय वरात काढायची हाय?" खणखणीत. रिक्षांचे हॉर्न, लाऊडस्पीकर, सगळ्यांच्या वरून. आणि 'बावडा'चा शेवट जिथे लांबवते तो सूर तिन्ही वेळा त्याच जागी होता. मी कान लावून ऐकला.

"मिस! वळखलं की नाही? बसा की, अजून दहा मिनिटं हायत सुटायला. वडा खाणार?"

मी उभ्याउभ्याच विचारलं. २००९ ची बेळगावची स्पर्धा आठवते का? दानेश्वरीचा घसा बसला होता का?

"तिचा कुठला? घसा पहिल्या ओळीतल्या त्या डॉक्टरच्या पोरीचा बसला होता. क्रांतीची धाकटी बहीण हो! तिला तुम्ही मध पाजला, माझ्या डोळ्यादेखत."

"मग दानेश्वरीला मी काय सांगितलं?"

तिने पैशांची पिशवी खांद्यावर सरकवली. मग हसली. "मिस, मी पण ओठवालीच होतो की!"

"ओठवाली?"

"तुम्हीच म्हणायचा. 'ओठवाल्या मागच्या ओळीत.' चाळीस डोकी भरायला बारा ओठवाल्या. आम्हाला लाल टिंब. आम्ही खूश होतो ओ मिस. सरावाला गणिताचा तास बुडायचा, बेळगावला फुकट जायला मिळायचं, कुंदा खायचा, नुसतं तोंड उघडझाप. माशागत."

"मग दानेश्वरी पण खूश असेल."

"तिचं तसं नव्हतं." हातातलं तिकिटाचं मशीन तिने उगाच पुसलं. "ती श्वास घ्यायची मिस. आम्ही नुसते ओठ हलवायचो. ती पुढच्या ओळीबरोबर पोटातून श्वास घ्यायची, तोंड उघडायची, सगळं गाणं आत म्हणायची आणि आवाज सोडायची नाही. गळ्याच्या शिरा टरारायच्या. एकदा मी म्हटलं, अगं सोड की थोडा, कुणाला कळतंय? तर म्हणाली, मिसना कळेल. त्यांचा कान लई तयार आहे."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. भूमिका पायरीवर चढली आणि तिथून ओरडली, "मिस, आम्ही कुणी कधी बाहेर सांगितलं नव्हतं ओ! तिनं बी नाव घेतलं नाही की तुमचं!" साऱ्या फलाटाने माझ्याकडे पाहिलं.

केएमटीची बस चुकली. चालत आले. चालताना असं वाटत होतं की एखादी मुलगी आपल्याला शिक्षा देणाऱ्या बाईच्या कानाची तारीफ करते, तेव्हा तिला मूर्ख म्हणावं की काय म्हणावं. मूर्खच म्हणावं.

तरीही माझी बाजू आहे. आवाज मिसळला पाहिजे. क्वायर म्हणजे चाळीस मुलींचा एक आवाज. देवळातला, शिवारातला, गल्लीच्या या टोकाहून त्या टोकाला हाक मारणारा आवाज त्यात मिसळत नाही, फाटून बाहेर येतो. परीक्षक गुण कापतात. मी नऊ ढाली आणल्या. त्या नऊ ढाली अशाच आल्या.

बुधवार, २१ जानेवारी

दानेश्वरी उद्या जर्मनीला परत जाते हे तानाबाईने मंडईतून आणलेलं वृत्त. म्हणून आज लक्ष्मीपुरीत गेले. खाली मिरचीचं दुकान, वर घर. जिना चढेपर्यंत मला अकरा शिंका आल्या.

प्रभुलिंगअण्णा गादीवरून उठून वरपर्यंत आले. "या या मॅडम! घरापातुर आलासा, लई बरं वाटलं. खाली मिरची, वर गाणं. गळा तयार व्हायला आणि काय पायजे?" त्यांनी स्वतः पंखा लावला, पाणी दिलं, चहा सांगितला, आणि मग विषय ओळखून गोणी मोजायला खाली गेले. शहाणा माणूस आहे.

दानेश्वरी बॅग भरत होती. पायात जाड मोजे, केसांना तेल. मंचावरचं काही शिल्लक नव्हतं. वाकून नमस्कार केला. मी आशीर्वाद दिला. तो तोंडातून आपोआपच बाहेर पडतो.

"मिस, मी नाव घेतलं नाही."

"घेतलं नाहीस, म्हणून सहाशे जणांनी घेतलं. नाव घेतलं असतंस तर निदान मला उभं राहून उत्तर देता आलं असतं."

"तुम्ही काय उत्तर दिलं असतं?"

हा उद्धटपणा. मी तिला समितीचं सगळं सांगितलं. पाटीचं, ३१ तारखेचं, आणि तिने काय लिहून द्यायला हवं आहे ते. ती घडी घातलेल्या स्वेटरची पुन्हा पुन्हा घडी घालत होती.

"म्हणजे ती मिस तुम्ही नव्हता, असं मी लिहायचं."

"हो."

"तुम्ही नव्हता?"

मी म्हटलं, मी समितीसाठी विचारते आहे.

चहा आला. बशीत काजू होते. तिने माझ्या कपाखाली बशी सरकवली, जशी आजारी माणसापुढे सरकवतात.

"मिस, तुम्हाला एक विचारू? मी वाईट गात होते का?"

"तू गातच नव्हतीस."

"त्याच्या आधी. पाचवीत, पहिल्या दिवशी. तुम्ही एकेकीला पियानोपाशी बोलावलंत. मी दोन ओळी म्हटल्या. तुम्ही पियानो थांबवलात आणि खिडकीबाहेर बघत बसलात. मग लाल पेन काढलंत. मला वाटलं, तुम्हाला इतकं वाईट वाटलं की बोलवेना. मी घरी येऊन शांतव्वाला सांगितलं, माझा आवाज घाण आहे. ती म्हणाली, 'घाण असता तर बाईनं पेटी कशाला थांबवली असती?' आज्जीला काय कळतंय, असं मला वाटायचं. अजून कधी कधी पडद्यामागे उभी असताना मला तेच वाटतं. साठ जण वाजवत असतात आणि मला वाटतं, आता तोंड उघडलं की कुणीतरी लाल पेन काढणार."

मी म्हटलं, गुडघा दुखतो, जिना उतरायला वेळ लागेल, तेव्हा निघते.

"मिस. लिहून देते मी. बरं."

इतक्या लवकर कुणी काही देऊ नये. भांडायची मी तयारी करून गेले होते. तीन मुद्दे पाठ केले होते. तिसऱ्याची वेळच आली नाही.

प्रभुलिंगअण्णांनी बळेच एक किलो ब्याडगी बांधून दिली. तानाबाई खूश.

गुरुवार, २२ जानेवारी

पाचवीचा पहिला दिवस मला आठवत नाही. शेकडो मुलींचे पहिले दिवस असतात.

पियानो मी कशासाठीही थांबवत नसे.

शनिवार, २४ जानेवारी

क्रांतीचा फोन, सकाळी साडेनऊला. आवाजात नुसता हर्ष.

"मिस, मिटलं! आला ईमेल. काय सुंदर लिहिलंय हो पोरीने!" आणि वाचूनच दाखवलं, इंग्रजीत. या वहीसाठी त्याचा मतलब असा: माझ्या भाषणातल्या विनोदामुळे गैरसमज झाला याचं वाईट वाटतं. मी ज्या शिक्षिकेचा उल्लेख केला त्या मिस निंबाळकर नव्हेत. त्या दुसऱ्या होत्या आणि आता हयात नाहीत. मिस निंबाळकरांचे माझ्यावर मोठे उपकार आहेत.

"हयात नाहीत," मी म्हटलं.

"हो ना! म्हणजे पोवार बाईच! ग्रुपवर लगेच सगळ्यांच्या लक्षात आलं. तरी मला वाटतच होतं, त्या पोवार बाई जरा तशाच होत्या."

"कशा?"

"म्हणजे, साध्याच. त्यांना काय कळणार हो आवाजातलं? पाटी बुधवारी बसवायला सांगते मिस. बैठकीला फक्त शिक्कामोर्तब."

पोवार बाई. शाळेत पेटीवर प्रार्थना आणि समरगीतं शिकवायच्या. चौदा वर्षं आम्ही एका स्टाफरूममध्ये बसलो आणि आमचं एक दिवसही पटलं नाही. त्यांची पेटी बेसूर, त्यांचे डबे उग्र, दुपारी त्या खुर्चीत घोरायच्या. कोविडच्या पहिल्या लाटेत गेल्या. मी फुलं पाठवली, गेले नाही.

पण त्यांच्या प्रार्थनेला साडेआठशे मुली घसा फोडून गायच्या. मी एकदा तक्रार केली की माझ्या क्वायरचे आवाज बिघडतात. त्या म्हणाल्या, "मिस, देवाला ऐकू जायला नको होय?" मी त्यांच्याशी महिनाभर बोलले नाही.

त्या बाईने एकाही मुलीला गप्प केलं नाही. करताच आलं नसतं त्यांना. आणि आज सकाळी साडेनऊपासून दोनशे बायका आपापल्या फोनवर ते त्यांच्या नावावर लिहीत आहेत.

दुपारी तानाबाईने विचारलं, "मग पाटी लागणार म्हणा की बाई. पेढं आणू?"

मी म्हटलं, नको.

"आता काय झालं? पायजे हुतं त्येच मिळालं न्हवं?"

तिला सांगितलं. तिने डाळ वैरता वैरता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ती पोवार बाई मेल्याली हाय. तिला काय कळतंय? तुमी जित्त्या हाईसा. तुमाला कळंल."

रविवारी सुट्टी हवी होती तिला. दिली.

सोमवार, २६ जानेवारी

शाळेत झेंडावंदनाला गेले नाही. सकाळपासून चार कागद फाडले. हा पाचवा. फोटो काढून आजच दानेश्वरीच्या फोनवर पाठवते, मूळ प्रत उद्या पोस्टाने लक्ष्मीपुरीच्या पत्त्यावर, एक प्रत समितीला. इथे उतरवून ठेवते, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की मी असं लिहिलंच नव्हतं.

दानेश्वरीस,

समितीला तू धाडलेलं पत्र मी ऐकलं. ते खोटं आहे. तू इंग्रजीत लिहिलंस. त्या भाषेत सभ्यपणे खोटं लिहायला मीच तुम्हाला शिकवलं असेल. म्हणून हे मराठीत.

मी हयात आहे. तुझ्या वडिलांच्या दुकानापासून रिक्षाने दहा मिनिटांवर राहते. माझ्यावर दया करून तू मला मारलंस आणि माझ्या जागी एका मेलेल्या, निरपराध बाईला उभं केलंस. पोवार बाईंना आता उत्तर देता येत नाही. तुला माहीत नव्हतं की लोक त्यांचंच नाव घेतील, असं मी धरून चालते. आता माहीत झालं.

तू मंचावर जे बोललीस ते खरं होतं. २००७ ते २०११, चार वर्षं, मी तुला मागच्या ओळीत उभं करून ओठ हलवायला लावले. लाल टिंबं माझी आहेत. चारही पुस्तकं माझ्याकडे आहेत. समितीला हवी तर त्यांनी घरी येऊन बघावीत, मी नेऊन देणार नाही. तुझ्याबरोबर आणखी सव्वीस नावं आहेत. त्यातल्या एकीचा आवाज मी गेल्या सोमवारी स्टँडवर ऐकला. तो सुरात होता. म्हणजे माझी परीक्षाच चुकीची होती, निदान तिच्या बाबतीत.

तू विचारलंस, मी वाईट गात होते का. त्या दिवशी मी पळ काढला. उत्तर देते. पाचवीतला पहिला दिवस मला आठवतो. गुरुवार होता. तू दोन ओळी म्हटल्यास आणि मी पियानो थांबवला, कारण पुढे काय वाजवायचं ते मी विसरले. माझ्या आयुष्यात असं दुसऱ्यांदा झालं नाही. तुला क्वायरमध्ये गाऊ दिलं असतं तर परीक्षकांना तूच ऐकू आली असतीस. मला ढाल हवी होती, आणि पहिल्या ओळीतल्या मुलींचे पालक शाळेच्या समितीवर होते. तुझा आवाज वाईट नव्हता. तो मला आवरता येण्यासारखा नव्हता. तेव्हा पडद्यामागे उभी राहून कुणाच्या लाल पेनाला भिऊ नकोस. त्या पेनात अकलेपेक्षा शाई जास्त होती.

हे माफीचं पत्र नाही. माफी मागण्याआधी नोंद दुरुस्त व्हायला हवी आणि ती तुझ्या पत्राने बिघडली आहे.

पाटी मला आजही हवी आहे. पण पोवार बाईंच्या नावावर माझं पाप चढवून जी पाटी लागेल तिच्याखालून मी जाणार नाही, आणि बुधवारी ती बसवायला माणूस आला तर मी त्या दारात खुर्ची टाकून बसेन. उरलेला निर्णय समितीने खरं वाचून घ्यावा.

तर माझी मागणी अशी. आधीचं पत्र रद्द केल्याचं तू समितीला लेखी कळव. नवं पत्र लिही. त्यात पोवार बाईंचा या प्रकाराशी काही संबंध नव्हता हे पहिल्या वाक्यात येऊ दे. फोन नको, वडिलांकरवी निरोप नको, मिरची नको. उत्तर लेखी, तुझ्या सहीचं, शुक्रवार दिनांक ३० जानेवारी २०२६, संध्याकाळी पाचच्या आत, भारतीय वेळेनुसार. शनिवारी अकराला बैठक आहे आणि मी ते तिथे स्वतः उभी राहून वाचणार आहे. 'एक मिस' असं लिहिलेलं मी स्वीकारणार नाही. माझं नाव पूर्ण लिही: कुमुदिनी हंबीरराव निंबाळकर.